गच्चीवरचा गाभण तीर

गाभण तीर हा शब्द आमच्या ठाकरवाडीत मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही. तो माझ्या बाचाच. ज्या तिराचं वजन पुढे, तोंडाशी जास्त, त्याला तो गाभण म्हणायचा. तसा तीर हळू जातो, लांब जात नाही, पण जिथे लागतो तिथे आत शिरतो. डुकरासाठी बा तोच काढायचा. पाखरासाठी हलका तीर. त्याला पुढे पात्याऐवजी लाकडाची बोथट गोळी असायची, म्हणजे तो झाडात रुतून बसत नाही आणि पाखराचं मांस फाटत नाही.

तराजू आमच्या घरात नव्हता. बा तीर आधी एका बोटावर आडवा ठेवून तोल कुठे येतो ते बघायचा. मग गुडघ्याच्या उंचीवरून तोंड खाली करून तो सारवलेल्या जमिनीवर सोडायचा आणि आवाज ऐकायचा. पुढे त्याला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा तो मला जवळ बोलवायचा. तीर सोडून विचारायचा, "काय म्हणतो?" मी सांगायचे, "सशाचा," नाहीतर "पाखराचा," नाहीतर "गाभण." मी बोलणारी पोर नव्हते. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण गुरुजींनी नाव घेऊन विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. हे एवढं बोलणं मला जमायचं.

कमठ्याला, म्हणजे धनुष्याला, मात्र हात लावायचा नाही. बाईने कमठा ओढायचा नाही, ओलांडायचाही नाही. चुकून आईचा पाय त्यावरून गेला तर बा दोरी बदलल्याशिवाय रानात जात नसे. त्यात रागावणं नव्हतं. चुलीला पाय लावत नाहीत, तसंच ते.

कुवेतला मी गेले ती ताईंमुळे. ताई नर्स. त्यांच्या माहेरी, पेणला, मी घरकामाला होते. त्यांना मुलगी झाली तेव्हा तिला सांभाळायला त्यांनी मला तिकडे नेलं. अबू हलीफाला समुद्राजवळच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. मुलगी चार वर्षांची असताना, त्या नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये, इराकचं सैन्य आलं. साहेब, म्हणजे ताईंचे यजमान, थोडेच दिवस आधी आईच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले होते. ते तिकडे अडकले आणि आम्ही तिघी इकडे. फोन बंद पडले.

तळमजल्यावर एक चाचा राहायचे. रायगडच्या किनाऱ्यावरचे. एका दुकानाची गाडी चालवायचे, पण दुकान लुटलं गेलं आणि गाडी सैनिकांनी नेली. सुट्टीच्या दिवशी ते गळ टाकून मासे पकडायचे, अर्धे आम्हाला आणून द्यायचे. आता किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या होत्या. वाळूत सुरुंग पेरलेत असं सगळे सांगत. समुद्र खिडकीतून दिसायचा, तेवढाच.

सप्टेंबरात मुलीला टायफॉइड झाला. ताईंनी हॉस्पिटलातून गोळ्या आणल्या, रात्री जागवल्या, आणि ताप उतरला. पण पोर उरली नव्हती. हात धरला तर आपल्यालाच भीती वाटावी. डाळीचं पाणी दिलं की उलटून पडायचं. खिमटीच्या दोन घासांनंतर तोंड फिरवायची आणि म्हणायची, "नो मावशी, नो." तिला मराठी सगळं कळायचं, पण नको म्हणायचं ते इंग्रजीतच.

दूध पावडरचे डबे दुकानातून गेले होते. अंडी नाहीत, कोंबडी तर कुणी बघितलीच नव्हती. रांगेत उभं राहून पाव आणि डबाबंद चणे मिळायचे. ते आजारी पोराला काय कामाचे?

याच दिवसांत आपल्या लोकांना बसने बाहेर काढत होते. बगदादवरून जॉर्डनपर्यंत बस, तिथून मुंबईचं विमान. चाचा बातमी घेऊन वर यायचे. दारातच उभे राहायचे, आत येत नसत.

"सिस्टर, आजपण एक बस गेली."

"चाचा, हिला बसवून दाखवा," ताई म्हणाल्या. "मान तरी धरते का बघा. वाळवंटातून एवढा प्रवास. वाटेत तंबूत राहावं लागतं, पाण्याला रांग. मी हिला अशी घेऊन निघाले तर मुंबईला काय घेऊन पोचेन?"

चाचांनी आतल्या खोलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बस कायम नाही सुटणार, सिस्टर."

"ते मला कळतं."

सगळं एवढ्यावर येऊन अडकलं होतं. पोरीच्या अंगात बसण्याइतकी ताकद आली तर आम्ही जाणार. ती यायच्या आत बस बंद झाल्या तर इथेच, आणि हॉस्पिटलातल्या औषधांची कपाटं रिकामी होत चालली होती.

मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे. पाण्याच्या टाकीचा एक सांधा गळायचा, तिथे पहाटे उजाडता उजाडता पारवे पाणी प्यायला उतरायचे. चांगले भरलेले पारवे. आमच्याकडे बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या माणसाला पारव्याचा रस्सा देतात. हे ताईंना सांगायला माझा अख्खा दिवस गेला. शेवटी त्या पोळपाट धूत असताना मी पाठीमागून म्हटलं, "ताई, गच्चीवर पारवे येतात."

"येऊ देत."

"त्यांचा रस्सा पचतो. आमच्याकडे देतात."

ताईंनी नळ बंद केला. "पारवा? तो कधी खातात का?" मग म्हणाल्या, "कोंबडीचा चालतो तर त्याचा का नाही चालणार. पण पकडणार कसे?"

पहिला उपाय चाचांनी केला. टब काठीवर तिरका उभा करून खाली भात टाकला, काठीला दोरी बांधली. पारव्यांनी टबाच्या बाहेर सांडलेला भात खाल्ला, आत मान घालून बघितली आणि उडून गेले.

"जेवून गेले," चाचा म्हणाले. "शुक्रिया पण नाही बोलले."

तेव्हा मी तिरकमठ्याचं बोलले. ताईंनी आधी खिडकीचा पडदा ओढला. नाक्यावर वाळूच्या पोत्यांआड सैनिकांची चौकी होती. ज्या घरात हत्यार सापडेल त्या घरातली माणसं उचलून नेत होते. तिरकमठ्याला आवाज नाही हे खरं, पण हत्यार ते हत्यार.

"पोरांचं खेळणं म्हणायचं," चाचा म्हणाले.

"आपण म्हणू हो, चाचा. ते आपलं ऐकून घेत बसतील?" ताई म्हणाल्या. पण आतल्या खोलीतून पोरीचा कोरडा खोकला आला आणि त्या उठून गेल्या. नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

कमठा खजुराच्या झावळीच्या दांड्याचा केला. चाचांनी तो सैनिकांसमोरूनच आणला, कचरा वाहून नेल्यासारखा. दोरीला त्यांच्याच गळाची तंगूस, नायलॉनचा दोरा, तीन पदरी वळून. तिरासाठी चपला ठेवायची बांबूची मांडणी मोडली, तिच्या काड्या सरळ होत्या. पिसं गच्चीवर पडलेलीच होती. ती ताईंनी चिकटपट्टीने बसवली. त्यांचा हात फार सफाईचा. इंजेक्शनची सुई लावल्यासारखी एकेक पट्टी बसत गेली.

"वजन किती पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मला ते सांगता येईना. मी तीर फरशीवर सोडून बघितला. फरशीवर सगळं सारखंच वाजतं. मग गच्चीच्या कोपऱ्यात वाऱ्याने साठलेली वाळू ओली करून थापली आणि त्यावर सोडला. हलका आवाज आला. पाखराचा. बाने शिकवलं होतं तसाच. पुढे बोथट गोळी म्हणून बाटलीचं बूच लावलं. मला बरं वाटलं, की निदान इतकं तरी मला येतं.

ओढणार चाचा. पुरुष म्हणून तेच. ते म्हणाले, "मी जन्मभर माशाला गळ लावला. पाखराला काय लावतात ते तू सांग बाय, मी ओढतो."

पहाटे आम्ही जिन्याच्या दाराआड थांबलो. पारवे उतरले. चाचांनी दोरी ओढली, आणि तीर पारव्यांच्या वरून, टाकीच्या वरून, कठड्याच्याही वरून गेला. किती सहज गेला. मला तो आकाशात दिसला आणि मग दिसेनासा झाला.

आम्ही कठड्याशी बसून, खाली वाकून, एका भोकातून बघितलं. तीर चौकीसमोर रस्त्यावर पडला होता. एक सैनिक पोत्यांमागून उठून आला. तरुण होता, दाढी वाढलेली. त्याने तीर उचलला, पिसं बघितली, बूच बघितलं. मग वर बघितलं. आमच्या इमारतीकडे, बाजूच्या इमारतीकडे, परत आमच्या. मी बाचं नाव घेत होते की देवाचं, ते आठवत नाही.

त्याने तीर मानेमागून शर्टात घातला आणि पाठ खाजवली. बराच वेळ खाजवली. मग दुसरा कुणीतरी चहा करत होता, त्या जाळात तो टाकला.

खाली आल्यावर ताईंना सांगावंच लागलं. त्या ऐकत होत्या तेव्हा त्यांचा हात मुलीच्या कपाळावर होता.

"आता बास," त्या म्हणाल्या. "जाळून टाका ते सगळं."

चाचा मान हलवून गेले. मी कमठा कपाटावर ठेवला, जाळला नाही. ताईंनी तो तिथे बघितला आणि राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मुलीने पाणीसुद्धा ओकलं. संध्याकाळी चाचा आले ते दारात उभे न राहता पहिल्यांदाच आत येऊन बसले. म्हणाले, "लोक बोलतायत, आता थोड्याच बस राहिल्या. मी काय तुम्हाला घाई करत नाही सिस्टर. फक्त सांगतो."

ते गेल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तीर खाली जाणार नाही, असं काही करता येतं का?"

आदली अख्खी रात्र मी त्याचाच विचार करत होते. पाखराला हलका तीर हे रानातलं. रानात चुकलेला तीर झाडीत जातो, तिथे कुणी नसतं. जितका लांब जाईल तितका चांगला, शोधून आणायचा. इथे चुकलेला तीर गच्चीतच पडायला हवा होता. बाचा शब्द मला आठवत होता, पण बा आमच्या गच्चीवर कधी चढला नव्हता.

"येतं," मी म्हटलं. "जड करावा लागेल."

शिसं चाचांकडे होतं, गळाला लावायच्या गोळ्या. त्यांनी डबी उपडी केली, मग एक गोळी परत उचलून खिशात टाकली. "एक ठेवतो. समुद्र परत मिळाला तर लागेल." बाकीचं शिसं ठोकून त्याची पट्टी केली, ती तिराच्या तोंडामागे गुंडाळली आणि ताईंनी त्यावर बँडेज बांधलं. पुढे बूच काढून लोखंडी नट बसवला. पातं नको होतं. चाचा म्हणाले होते, पाखरू जिवंत पडलं तर मी बिस्मिल्ला म्हणून कापतो, तुम्हा बायकांनी कापायला नको. ओल्या वाळूवर तीर सोडला. आवाज खाली, आत गेल्यासारखा आला. गाभण.

पण जड तिराला जवळून मारावं लागतं. झावळीच्या कमठ्यात तेवढा जोर नव्हता. टाकीपासून चार हातांवर, वाळत घातलेल्या चादरींमागे बसायचं, आणि पारवे उतरेपर्यंत हलायचं नाही. चाचा बसले. पारवे उतरले, आणि चाचांना खोकला आला. विडीचा खोकला. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला तरी आला. पारवे उडाले.

"बाय, हे माझ्याच्याने व्हायचं नाही," ते म्हणाले. "तू ओढ."

"आमच्यात बाईने ओढत नाहीत."

चाचांनी डोळे पुसले. "आमच्याकडे मच्छीच्या होडीत बाईला घेत नव्हते. माझी आई म्हणायची, नाही घेत तर नका घेऊ, घरी बसून खाते." ते हसले, मग परत खोकले. "मी सांगत नाही तुला. तुझ्या मनाला विचार."

मी खाली येऊन मुलीजवळ बसले. ताई ड्यूटीवर गेल्या होत्या. पोर जागी होती. तिने विचारलं, "मावशी, पीजन्स?" तिला कसं कळलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "उद्या." तिने डोळे मिटले. तिच्या पापण्यांतून निळ्या शिरा दिसत होत्या.

नियम मोडला तर काय होतं ते बाने कधी सांगितलं नव्हतं. दोरी बदलायची, एवढंच माहीत. दोरी न बदलता शिकार केली तर शिकार कुणाला बाधते, मारणाऱ्याला की खाणाऱ्याला? याचीच मला भीती होती. माझ्यावर यावं, त्याचं काही नाही. खाणारी ही होती.

पहाटे मी एकटीच चादरींमागे बसले. गप्प बसणं मला येतं. ते शिकावं लागलं नाही. पारवे उतरले. मी ओढला. तीर पारव्याच्या बाजूने गेला, कठड्यावर आपटला आणि तिथेच खाली पडला. गच्चीतच. मी भोकातून बघितलं. चौकीवरचा माणूस जांभई देत होता.

तीर आपल्यातच पडतो हे बघितल्यावर मला धीर आला. पुढच्या पहाटे पारवा पडला. पंख पसरून, डोळे उघडे, छाती हलत होती. जिन्यात थांबलेले चाचा धावत आले, त्याला हातात घेतलं, तोंड वळवून पुटपुटले आणि कापलं. मी तिकडे बघितलं नाही. मी दोरी बघत होते. मग कमठ्याची ती तंगूस सोडली आणि चाचांकडून दुसरी मागून घेतली.

"का गो? ही तर चांगली आहे," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. "बदलायची असते."

रस्सा आलं आणि मिरी घालून केला, तेल नाही. पहिली वाटी पोरीने प्यायली आणि ओकली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ताईंना काय सांगणार होते? पण ताई आत येऊन म्हणाल्या, "वाटीभर दिलं ना आपण, जास्त झालं. आता चमच्याने देऊ. एक चमचा, मग थांबायचं." त्या रात्री आम्ही दोघींनी आळीपाळीने चमचा चमचा दिला. तो राहिला.

त्यानंतर मी रोज पहाटे बसत होते आणि प्रत्येक पारव्यानंतर दोरी बदलत होते. सगळे तीर लागले असं नाही, बरेच चुकले. एकही खाली गेला नाही. चाचांची तंगूस संपत आली तेव्हा ते म्हणाले, "बाय, तुझ्या देवाला सांग, मला पण थोडी ठेव." पण देत राहिले. एका सकाळी पोर उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "मावशी, अजून." मराठीत म्हणाली. ताई दुसऱ्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्हाला बस मिळाली. निघायच्या सकाळी चाचांनी कमठा मोडून चुलाण्यात घातला आणि त्यावर आमच्यासाठी चहा केला. शिसं मी सोडवून त्यांच्या डबीत टाकलं. ते आमच्याबरोबर आले नाहीत. म्हणाले, "सगळेच गेले तर घराची कुलपं कोण बघणार?" खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही. पोर त्यांच्या कडेवर होती, ती बसमध्ये माझ्या मांडीवर आली. वाळवंटात, तंबूत, पाण्याच्या रांगेत ती माझ्या मांडीवर बसूनच राहिली. मान तिची तिने धरली होती. मुंबईला साहेब काचेपलीकडे उभे होते. त्यांना बघून ती खाली उतरली आणि चालत गेली. पाय वाकडे पडत होते, पण हात धरू दिला नाही.

मी वाडीला परतले. एक्क्याण्णवच्या सुरुवातीला रेडिओवर तिकडच्या लढाईच्या बातम्या लागायच्या, तेव्हा मी चाचांच्या खोकल्याची आठवण काढायचे. लढाई संपल्यावर कळलं की ते जिवंत आहेत. किनाऱ्यावर अजून कुणाला जाऊ देत नव्हते.

बाला मी सगळं पहिल्याच दिवशी, जेवताना सांगितलं होतं. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. बा खाली मान घालून जेवत राहिला. हात धुऊन आल्यावर त्याने विचारलं, "तीर कुठला लावलास?"

"गाभण."

"पारव्याला?"

"चुकला तर खाली जाऊ नये म्हणून. खाली माणसं होती."

त्याचं ऐकणं आणखी कमी झालं होतं. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "दोरी?"

"दर वेळी बदलली."

त्याने मान हलवली. उठून आढ्यातून तिरांचा जुडगा काढला, एक तीर निवडला आणि गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर सोडला.

"काय म्हणतो?" त्याने विचारलं.

मी त्याच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं.